बुधवारी दुपारी चारचा फोटो

१

क्रोफू गावच्या राजगादीचं काळं, पूजेचं आसन चोरीला गेलं, ही बातमी एसिलफीला तीन दिवस उशिरा कळली. शनिवारी सकाळी एकुआने माशांची टोपली त्याच्या स्टुडिओच्या पायरीवर आदळली आणि दम न घेता तोंड सोडलं.

"एग्या, तुमच्या फोटोने माझ्या भावाला कोठडीत घातलंय. आता बसा डोळे चोळत!"

एग्या म्हणजे बाप. स्वतःचं मूल नसलं तरी सगळं अबानपोआनो गाव त्याला तसंच हाक मारायचं. आणि डोळे तो खरंच चोळत होता. केप कोस्टच्या डॉक्टरकडे पाच दिवस घालवून तो आदल्या संध्याकाळी परतला होता. डॉक्टरने पापण्या उलट्या करून पाहिल्या आणि सांगितलं की चाळीस वर्षं ऊन आणि फोटोची औषधं खाल्लीत या डोळ्यांनी, आता यांना सोडा. या किनाऱ्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावून फोटो काढणारा पहिला काळा माणूस तो. नाना म्हणजे इथले राजे, पाद्री, व्यापारी, नवऱ्या मुली, खुर्चीत बसवलेली प्रेतं, सगळ्यांना त्याने काचेवर उतरवलं होतं. आता समोरची एकुआ त्याला चुलीच्या धुरापलीकडे असावी तशी दिसत होती. त्याला फक्त पडून राहायचं होतं. पण एकुआ ऐकवल्याशिवाय जाणाऱ्यांतली नव्हती.

"बेंटिलने केलं काय?"

"काय करणार? झोपला! बुधवारी दुपारी दोनच्या सुमाराला आसनापुढे दारू ओतली, पूजा झाली. साऱ्या वडीलधाऱ्यांनी आसन जागेवर बघितलं. भाऊरायांनी खोलीला कुलूप घातलं, किल्ली कापडाआड कमरेला लावली, उरलेली दारू पोटात घातली आणि अंगणात घोरायला लागले. दिवेलागणीला खोली उघडली तर रिकामी. कुलूप धड, किल्ली कमरेला. मग कोणाला धरणार? रखवालदाराला!"

"झोपलेल्याची किल्ली कोणीही काढून परत लावू शकतो."

"तेच म्हणते मी! पण ती कुठे असते हे तिघांनाच ठाऊक. एक माझा भाऊ. दुसरा नानांच्या वतीने बोलणारा डोंतो, तो तापाने फणफणलेला, दवाखानेवाला दिवसभर उशाशी. तिसरा सॅमसन आक्वा. नाना वारल्यावर त्याला गादी हवी होती, वडीलधाऱ्यांनी दुसऱ्याला निवडलं. आसनाशिवाय त्या दुसऱ्याला बसवता येत नाही. मग चोर कोण, हे माझ्या टोपलीतला मासाही सांगेल. पण आक्वा म्हणतो, बुधवारी चार वाजता मी क्रोफूपासून तीन तासांच्या वाटेवर, इथे समुद्रावर फोटो काढून घेत होतो. आणि फोटो दाखवतो!"

"काय होईल बेंटिलचं?"

"सहा वर्षं सक्तमजुरी. एग्या, तो सहा महिने नाही टिकायचा."

एसिलफीने मान हलवली. हा डबा माणसाचा जीव ओढून घेतो म्हणून सारा गाव पळत होता, तेव्हा त्याच्या कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदा बसलेला माणूस म्हणजे बेंटिल. एसिलफीचा धंदा त्या दिवशी सुरू झाला होता.

तेवढ्यात कोर्टाचा शिपाई पायरी चढून आला. त्याच्या हातात पाकीट होतं आणि पाकिटात तो फोटो. फोटोमागे शिक्का होता, 'ई. के. एसिलफी, छायाचित्रकार'. निरोप छोटा होता. सोमवारी कोर्टात यायचं आणि शपथेवर सांगायचं की हा फोटो आपल्याच स्टुडिओचा आहे.

"सांगा हो म्हणून," एकुआ म्हणाली, "आणि बेंटिलची मूठमातीही तुम्हीच उरका."

२

फोटो डोळ्यांना नीट दिसेना, म्हणून त्याने तो बोटांनी बघितला. कागद त्याच्याच दुकानातला. वरची, खालची आणि उजवी कड मशीनने कापल्यासारखी सरळ. डावी कड मात्र किंचित खरबरीत, सुरीने कापलेली. रुंदी त्याने वितीने मोजली. पुऱ्या काचेवरचा फोटो जेवढा भरायला हवा, त्यापेक्षा हा दोन बोटं कमी होता.

मग छातीच्या ठिकाणी बोटाला काहीतरी लागलं. पांढऱ्या कोटावर सुकलेल्या रंगाचा पातळसा थर.

"एको!"

त्याचा भाचा आतून हात पुसत आला. मेलेल्या बहिणीचा एकुलता एक, तिशीला टेकलेला. इथल्या रीतीने मामाचं जे काही असेल ते भाच्याचंच व्हायचं, त्यामुळे हा स्टुडिओही एक दिवस एकोचाच होणार होता. नऊ वर्षं तो इथे काम करत होता.

"हा तूच काढलास?"

"हो मामा. तुम्ही केप कोस्टला होतात. बुधवारी, चार वाजता. त्यांना मागे समुद्र हवा होता."

"डावीकडून का कापलास?"

"कडेला कोणाची तरी कोपरं आली होती."

"आणि कोटावर रंग?"

"काचेवर धूळ बसली होती, डाग पडला. भरून काढला."

"ज्या काचेवरून छापलास ती आण. उजेडाला धरून बघतो."

"काच फुटली, मामा. धुताना हातातून सुटली."

नऊ वर्षांत एकोच्या हातून पेला फुटला होता, आरसा फुटला होता, एकदा तर गिऱ्हाइकाचा चष्माही फुटला होता. फोटोची काच कधीच फुटली नव्हती. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते आपल्याच घरात असावं.

३

क्रोफूला डोंतोकडे जायला त्याला डोलीत बसावं लागलं. डोंतो चटईवर पडला होता. डोळे पिवळे, ओठ फुटलेले. हा माणूस बुधवारी आसन उचलून पळाला असेल, असं त्याच्या शत्रूनेही म्हटलं नसतं.

"बेंटिलने नाही नेलं," डोंतो पुटपुटला. "पण मी काय बोलणार? तुमचा शिक्का आहे. या जिल्ह्यात एसिलफीचा फोटो म्हणजे बायबलवर हात ठेवल्यासारखं."

"आक्वा काही बोलला होता का? त्याला निवडलं नाही तेव्हा?"

"म्हणाला, कोणी बसायचं ते आसनच ठरवील. आता बघा, ते त्याला स्वप्नात दिसणार, कुठल्यातरी झाडाखाली सापडणार, आणि आपण सगळे त्याच्या पाया पडणार. अर्थात हा माझा अंदाज, एग्या. तापातला अंदाज."

आक्वा किनाऱ्यावर गोऱ्यांच्या एका वखारीत कारकून होता. एसिलफीला बघताच तो गल्ल्यामागून उठून आला आणि त्याने स्वतः खुर्ची पुसून दिली.

"एग्या, काय फोटो निघालाय! तुमचा भाचा म्हणजे हिरा. गुरुवारी उजाडायच्या आत शिपाई माझ्या दारात. म्हटलं, आरडाओरडा कशाला, चला स्टुडिओत. तिथे मला बाकावर बसवून ठेवलं, हलू दिलं नाही. मी एकोला म्हटलं, 'बुधवारी चार वाजता काढलास तो माझा फोटो यांना दाखव रे.' तो आत गेला, काच उन्हात ठेवली, दीड तासात कागद हातात!"

"दीड तास? एवढा का वेळ लागला?"

"ते तुम्हाला ठाऊक. आम्ही काय, पोट आत घेऊन उभे राहणारे." तो मोठ्याने हसला. "आणि बघा ना, दुपार फोटोतच दिसते. ऊन कलतंय, सगळ्या होड्या परत आल्यात. सकाळी असत्या का त्या वाळूवर?"

हे शेवटचं त्याला कोणी विचारलं नव्हतं. डोलीत बसल्यावर एसिलफीला तेवढंच आठवत राहिलं. होड्यांविषयी हा माणूस एवढं का बोलला?

४

रविवारी प्रार्थना आटोपून एकुआ परत आली. एसिलफीने तिला खिडकीपाशी बसवलं आणि फोटो तिच्या हातात दिला.

"माझे डोळे गेले. तुझे उसने दे. यात काय काय आहे ते सांग."

"काय असणार? हा आक्वा. दोन्ही हात काठीच्या मुठीवर, जणू समुद्र याच्या मामाने ठेवून दिलाय."

"त्याला सोड. मागे बघ."

"मागे होड्या. सगळ्या वर ओढलेल्या. इकडे तिघं जण जाळं शिवतायत." ती फोटो नाकापाशी घेऊन गेली. "हा आमच्या शेजारचा क्वान्सा! आणि हा डावरा कधी झाला?"

"नीट बघ."

"सुई डाव्या हातात आहे की! आणि बाजूच्याच्याही. आणि तिसऱ्याच्याही!" एकुआने फोटो मांडीवर आपटला. "तिघांच्या आयांनी लहानपणी हातावर चापट मारली नाही की काय? डावा हात पुढे करून साधी वाट दाखवली तरी लोक शिवी समजतात इथे, आणि हे तिघं भर वाळूवर डाव्या हाताने शिवत बसलेत. चेटूक आहे हे."

एसिलफीने भिंतीकडे बोट केलं. गिऱ्हाइकांनी केस नीट करावेत म्हणून तिथे आरसा टांगलेला होता.

"फोटो आरशापुढे धर. आता आरशात बघ."

"आता... आता सगळे उजव्या हाताने शिवतायत."

"आणि सावल्या?"

"आधी डावीकडे पडल्या होत्या. आता उजवीकडे."

"समुद्राकडे तोंड करून उभी राहिलीस तर तुझ्या उजव्या हाताला काय येतं?"

"किल्ला. त्याच्यामागे सूर्य बुडतो." ती बोलता बोलता थांबली. मासळीवाली बाई होती ती, वाळूवरची सावली बघून वेळ सांगणारी. "सावल्या बुडतीकडे पडल्यात म्हणजे सूर्य उगवतीला. म्हणजे सकाळ. एग्या, सकाळी सगळ्या होड्या वाळूवर कशा? सकाळी तर एक होडी दिसत नाही! फक्त..."

"फक्त?"

"मंगळवारी," एकुआ हळू आवाजात म्हणाली. मंगळवार समुद्राचा स्वतःचा वार. त्या दिवशी कोणी पाण्यात होडी घालत नाही, सगळा किनारा सकाळपासून जाळी शिवत बसतो. "हा फोटो बुधवारचा नाहीच. मंगळवार सकाळचा आहे! पण उलटा कोणत्या मेल्याने केला?"

एसिलफीने फोटो तिच्या हातातून घेतला. काच पालथी घालून छापली की फोटो उलटा येतो, उजव्याचं डावं होतं. किल्ला चुकीच्या बाजूला आला असता म्हणून ती कड कापली. कोटाचा खिसा उजव्या छातीवर गेला असता म्हणून तो पांढऱ्याने बुजवला आणि डावीकडे नवा काढला, बटणंही फिरवली. एवढं नाजूक ब्रशकाम या किनाऱ्यावर दोनच माणसांना येत होतं. त्यांतल्या एकाला आता ब्रशचं टोकही दिसत नव्हतं.

"तू घरी जा," तो एकुआला म्हणाला. "भावाला सांग, जेवून घे म्हणावं."

५

एको मागच्या अंगणात बसला होता. पुढ्यात डोकोनो, म्हणजे आंबवलेल्या मक्याचा गोळा, आणि मासा तसाच पडला होता. एसिलफी चाचपडत त्याच्या शेजारी बसला.

"खिसा छान रंगवलास."

एकोने मान वर केली नाही. "तुम्हाला दिसलं कसं, मामा?"

"मला नाही दिसलं. मासळीवालीला दिसलं. तिघंही डाव्या हाताने शिवत होते."

एकोने कपाळावर हात मारला. "मी मागे बघितलंच नाही. आक्वाचा कोट, बटणं, किल्ला, सावल्या, सगळं बघितलं. पण मागची माणसं..."

"मागे बघायची तुला सवय कुठे आहे? नऊ वर्षं मागे तोच रंगवलेला पडदा. तेच खांब, तीच बाग." एसिलफी दमून हसला. "ते मीच शिकवलं. गिऱ्हाइकाचा चेहरा बघ, पडदा कुठे पळून जात नाही."

"मंगळवारी खरंच त्यांनी साधा फोटो काढून घेतला होता. गुरुवारी शिपायादेखत 'बुधवारी' म्हणाले आणि माझ्याकडे असे बघायला लागले... मला विचार करायलाच वेळ मिळाला नाही. मला वाटलं, कोणालाच धरणार नाहीत. शिपाई जाईल, विषय मिटेल. संध्याकाळी कळलं, बेंटिलना नेलं."

"आणि तरी गप्प राहिलास."

"हो."

"का? त्याने काय कबूल केलं होतं तुला?"

"बाजारातली कोपऱ्याची जागा. मंगळवारी फोटो काढतानाच म्हणाले होते, नाना झालो की देईन. माझा स्टुडिओ, माझी पाटी."

"हा तुझाच आहे की!"

"कधी?" एको पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "तुम्ही गेल्यावर? पाच वर्षं झाली मामा, तुम्ही काचेत डोकावलेलं नाही. गव्हर्नरचा फोटो मी काढला. लंडनच्या प्रदर्शनात गेले ते बाजाराचे फोटो माझे. मागे शिक्का तुमचा. लोक विचारतात हा कोण, तर तुम्ही म्हणता, हा माझा मदतनीस. मी तुमच्यासमोर मान खाली घालून उभा. पाटीवर माझ्या नावापुरती जागा होती. तुम्ही कधी रंग काढला नाहीत."

हे सगळं खरं होतं, आणि ते त्याला आधीपासून माहीत होतं, हेच जास्त वाईट होतं. नावाने गिऱ्हाईक येतं, असं तो स्वतःशी म्हणत आला होता.

"उद्या मी सगळं सांगणार," तो शेवटी म्हणाला. "बेंटिल तुरुंगात मरेल. माझ्याने ते बघवणार नाही."

"माझं नाव घेणार?"

अंगणात कोंबडी चरत होती. एसिलफी तिच्याकडे बघत राहिला, ती दिसत नसतानाही. एकोने मग ताट उचललं आणि आत गेला.

६

कोर्टात गर्दी होती. कमिशनरसाहेब घाम पुसत होता. त्याच्या बाजूला दुभाष्या, समोर बेंटिल दोन शिपायांमध्ये. बेंटिलची पांढरी दाढी छातीला टेकली होती. आक्वा पहिल्या बाकावर, तोच पांढरा कोट घालून.

शिक्का आपलाच, असं एसिलफीने सांगितलं. आक्वाने मान डोलावली. मग एसिलफीने साहेबाकडे आरसा मागितला. आणायला वेळ लागला. शेवटी साहेबाच्या नोकराने दाढीचा आरसा आणला. एसिलफीने एकेक गोष्ट दाखवली. कापलेली कड. रंगवलेला खिसा. तीन माणसांचे तीन हात. सावल्या. त्याने आवाज चढवला नाही. चढवायला ताकदच नव्हती. होड्यांपाशी आल्यावर साहेबाला काही कळेना. तेव्हा मागे उभे असलेले कोळी एकदम ओरडले, "मंगळवार!", आणि दुभाष्याला ते वेगळं सांगावं लागलं नाही.

आक्वाच्या तोंडचं पाणी पळालं. "फोटो स्टुडिओने बिघडवला, मी काय करू? मला काय ठाऊक?" तो ओरडला.

साहेबाने एसिलफीकडे बघितलं. दुभाष्याने विचारलं, "एग्या, साहेब विचारतायत, हा फोटो उलटा कोणी छापला? आणि कोणाच्या सांगण्यावरून? ते कळल्याशिवाय बेंटिलला सोडता येणार नाही."

एसिलफीने तोंड उघडलं. रात्रभर घोकलेलं नाव जिभेवर येईना. बहिणीने मरताना हा मुलगा त्याच्या मांडीवर ठेवला होता. बेंटिल खाली मान घालून वाट बघत होता. दोघांपैकी एकाला आज इथून न्यायचं होतं, आणि कोणाला, ते त्याने बोलायचं होतं.

"मी छापला," दारातून आवाज आला.

गर्दीने वाट दिली. एको पुढे आला. त्याने रविवारचे कपडे घातले होते. कारकुनाने लेखणी बुडवली.

"नाव?"

"एको बाइडू."

"धंदा?"

"फोटोग्राफर."

"हा फोटो कोणाचा?"

"माझा," एको म्हणाला. "मंगळवारी सकाळी मी काढला. गुरुवारी मी उलटा केला. सॅमसन आक्वांनी शिपायादेखत बुधवार म्हटलं आणि मी बुधवार केला. मामा तेव्हा गावात नव्हते. मामांचा यात काही संबंध नाही. हा फोटो माझा आहे."

त्याच दिवशी दुपारी वखारीतल्या पोत्यांखाली आसन सापडलं आणि बेंटिल सुटला. पण ते पुढचं. त्या क्षणी एसिलफी फक्त ऐकत होता. भाच्याने चारचौघांत स्वतःच्या नावावर घेतलेला हा पहिला फोटो. आजवरचे सगळे चांगले फोटो मामाच्या नावावर गेले होते.

शिपायाने एकोच्या दंडाला धरलं. एसिलफी बाकाचा आधार घेऊन उभा राहिला.

"साहेबांना सांग," तो दुभाष्याला म्हणाला, "मुलाने चूक केली, खरं आहे. पण अर्धी माझी आहे. पाच वर्षं त्याचं काम मी माझ्या नावावर विकलं. त्याला मी चोरी शिकवली. हेही कागदावर घ्या म्हणावं."

साहेब कागद आवरत होता. त्याने भुवया उंचावून दुभाष्याकडे बघितलं. दुभाष्याने काहीतरी दोन शब्दांत सांगितलं, आणि साहेब मान हलवून उठला.

"काय सांगितलंस तू?" एसिलफीने विचारलं.

"म्हातारे दमलेत, असं सांगितलं," दुभाष्या मायेने म्हणाला. "तुमचं ते या खटल्यात बसत नाही, एग्या. चला, मी तुम्हाला घरी सोडतो."